यजमान जंगलात असतात

गुप्तेबाई आमच्या बदलापूरच्या शाळेत रुजू झाल्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी त्यांना सहज विचारलं, "यजमान कुठं असतात तुमचे?"

"जंगलात असतात," बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण काढून जेवायला लागल्या.

कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. जंगलखात्यात असतील, बदलीची नोकरी, बायकोला कुठं कुठं नेणार, असं आम्हीच ठरवून टाकलं. स्वातंत्र्याला दोनेक वर्षं झाली होती. पलीकडे लष्करानं सोडलेल्या बराकी सिंधहून आलेल्या माणसांनी भरत होत्या. उल्हासनगर हे नाव नवीन होतं, आमच्या तोंडात कॅम्पच बसलेला. कुणाचं माणूस कुठं राहिलंय हे खोदून विचारायचे ते दिवस नव्हते.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. मराठी शिकवायची आणि कात्रपला भावाकडे राहायची. बाई शास्त्र शिकवायच्या. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या असतील. बदलापुरात बेलवलीला एका आगरी घरात त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. त्या घरची म्हातारी मला पहिल्याच महिन्यात म्हणाली, "तुजी बाई बरी हाय गो, पन ती कवा आयली, कवा गेली, कलतच नाय. मागं वलून बगावं त उबी."

खरंच कळायचं नाही. बाईंच्या चालण्याला आवाज नव्हता. हातातल्या काचेच्या बांगड्या त्यांनी दोऱ्यानं एकमेकींना बांधून टाकल्या होत्या, किणकिण नको म्हणून. लुगडी सगळी मातकट, नाहीतर सुक्या गवताच्या रंगाची. कुठंही बसल्या तरी पाठ भिंतीला. आणि बोलता बोलता मध्येच थांबायची सवय. समोरच्याला वाटावं, आपण काही चुकीचं बोललो. बाई मात्र कान देऊन तिसरंच काही ऐकत असायच्या.

वर्गात त्यांचं शिकवणं असंच मध्येच थांबे. "बाहेर मुंगूस आलंय. बघा. माना वळवू नका, नुसते डोळे वळवा." एकदा हेडमास्तर त्यांच्या वर्गात गेले, तर चाळीस मुली माना ताठ ठेवून, श्वास रोखून, डोळे तेवढे कोपऱ्यात नेऊन बसलेल्या. एकीनंही त्यांच्याकडे बघितलं नाही. हेडमास्तर तसेच परत आले आणि पाणी प्यायले. "ते दृश्य काही बरं नव्हतं हो," असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

बाईंना नाद एकच, रानातली जनावरं बघण्याचा. मे महिन्यात बाकीच्या बायका माहेरी जायच्या, कुणी देवाला जायचं. बाई गीरला सिंह बघायला जायच्या, मेळघाटात जायच्या, कुठंतरी गवे आहेत असं कळलं की तिकडे जायच्या. वनखात्याला पत्रं लिहून परवाने मिळवायच्या. बंदूक नाही, कॅमेरा नाही, सोबत कुणी नाही. परत आल्यावर विचारलं, "दिसला का वाघ?" तर म्हणायच्या, "दिसला. चेहरा बघितला नीट."

चेहरा कशाला बघायचा वाघाचा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मला त्यांनी का निवडलं, देव जाणे. एका रविवारी म्हणाल्या, "सुमन, चल. चामटोलीच्या मागच्या डोंगरात जाऊन बसू." वाटेवर ठाकरांचा वाघोबा होता. शेंदूर फासलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ. मी नमस्कार केला. बाईंनी केला नाही. मात्र त्या दगडाकडे, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तशा, बघत राहिल्या. मग एका झऱ्याशी करवंदीच्या जाळीला पाठ लावून आम्ही बसलो. सकाळचे नऊ ते बारा. माझा पाय बधिर झाला, नाकावर माशी बसून गेली, पण हलायची सोय नव्हती. एक भेकर आलं, पाणी पिऊन गेलं. लांडोरी आल्या. मी खूश झाले.

उठताना बाई म्हणाल्या, "आता मागं बघ."

जाळीच्या मागे पाच-सहा हातांवर मोकळी माती होती. तिथं ताजे ठसे होते, आणि काहीतरी पोट टेकून बसल्याची खूण.

"बिबट्या," बाई म्हणाल्या. "अर्धा तास होता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू हलली असतीस."

एवढं बोलून त्या वाटेला लागल्या. मी त्यांच्या मागोमाग धावले, आणि वाघोबापर्यंत एकदाही मागं वळून बघितलं नाही.

त्याच वर्षीच्या चैत्रातली गोष्ट. शाळेच्या नाटकासाठी कापड आणायला आम्ही दोघी कॅम्पात गेलो होतो. लालचंद म्हणून एक दुकानदार होता. बराकीच्या ओट्यावरच त्याचं दुकान. भर दुपार. तो कापड मापत असताना मागच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. एक पोरगा धापा टाकत आला आणि त्यानं सिंधीत काहीतरी सांगितलं. लालचंदनं हातातला गज खाली ठेवला. "बहनजी, आप बैठो. पीछे चीता घुसा है."

मी वळून बघितलं तर बाई तिथं नव्हत्याच.

नाल्याकडेची शेवटची बराक तेव्हा रिकामी होती. छप्पर बसलेलं, दारं उखडलेली. शंभरेक माणसं दाराशी जमली होती. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात खाटेचा पाय. एकानं घासलेटात भिजवलेली चिंधी काठीला गुंडाळली होती. बायका कडेवर पोरं घेऊन त्यांच्या मागेच उभ्या. आतलं जनावर बिथरून बाहेर पडलं असतं तर पहिल्यांदा त्याच पोरांवर आलं असतं.

बाई बाजूच्या खिडकीशी उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. आत अंधार, छपरातून दोन-तीन ठिकाणी ऊन पडलेलं. आधी मला काही दिसलं नाही. मग वरच्या आडव्या वाशावरून लोंबणारं शेपूट दिसलं. त्याचं टोक तेवढं हलत होतं.

"लालचंदभाई," बाई न वळता म्हणाल्या, "सबको पीछे लो. नाले के तरफ का दरवाजा खाली करो. आग बुझाओ."

"बहनजी, वो आदमी खायेगा!"

"नहीं खायेगा. आप हटो."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे. लालचंदनं हात पसरून माणसं मागं सारली. एक म्हातारी सिंधीण खाली बसून देवाचं नाव घ्यायला लागली. हळूहळू सगळं शांत झालं. एवढी माणसं असून इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. पत्र्यावर ऊन तडतडत होतं तेवढंच.

बाईंनी दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर ठेवले. पदर डोक्यावरून घेतला. बाई डोक्यावरून पदर घेतात हे मी पहिल्यांदाच बघत होते. मग अगदी हळू, घरात पाहुणे बसलेले असताना आतून हाक मारावी तशा, त्या म्हणाल्या, "अहो."

शेपटाचं टोक थांबलं.

"अहो, चला आता. माणसं खोळंबलीत."

वाशावर ते डोकं वळलं. बिबट्यानं बाईंकडे बघितलं. मी शेजारीच उभी होते, पण त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग तो आवाज न करता खाली उतरला, उन्हाच्या एका पट्ट्यातून गेला, दुसऱ्यातून गेला, आणि नाल्याकडच्या दारानं निघून गेला.

लोक बाईंच्या पाया पडायला आले. लालचंदनं त्या कापडाची घडी बाईंच्या हातात दिली आणि "ये माता का है" म्हणून हात जोडले. परतीच्या वाटेवर अंबरनाथ मागं पडल्यावर बाईच म्हणाल्या, "ऐकलंस ना तू?"

"हो."

"रविवारी ये घरी."

रविवारी बाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान चांद्याकडच्या जंगलात रेंजर होते. युद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठी बंगला, आजूबाजूला दहा कोस माणूस नाही. वैशाखातली दुपार होती. पाणवठ्यावर किती जनावरं येतात ते बघून येतो म्हणून ते निघाले. "वरण उतरवून ठेव, आलोच," म्हणाले. ते आलेच नाहीत.

"दुसऱ्या दिवशी पाणवठ्यापाशी जोडे सापडले. शेजारी शेजारी ठेवलेले. देवळाबाहेर ठेवतो ना आपण, तसे. रक्त नाही, फरफट नाही, कापडाची चिंधी नाही. आठ दिवस चारशे माणसांनी जंगल पालथं घातलं. आमच्याकडे देवाजी म्हणून गोंड वाटाड्या होता. तो म्हणाला, 'बाईसाहेब, साहेब मेले नाहीत. साहेब बदलले.' मी त्याला बंगल्यातून घालवून दिलं."

सुपातला एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला.

"मी शास्त्र शिकवते, सुमन. वाघानं नेलं, हे मला कळतं. पण वाघ जोडे काढून ठेवत नाही. ते कुणी ठेवले, एवढंच मला कळत नाही. आणि ते कळत नाही तोवर दिसेल त्याचा चेहरा बघावा लागतो."

घरात शिजत्या भाताचा वास येत होता.

"तिथं परत गेलात कधी?"

"नाही. बाकी सगळी जंगलं केली. तिथं जायला पाय उचलत नाही."

असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका फाल्गुनात पेणहून त्यांच्या दिरांचं पत्र आलं. बाईंनी ते मला वाचायला दिलं. माणूस वाईट नव्हता. 'वहिनी, दादाला जाऊन या वैशाखात बारा वर्षं होतात. आईचं आता काही खरं नाही. मुलाला गती मिळाल्याशिवाय मी जाणार नाही, म्हणते. शास्त्राप्रमाणे पालाशविधी करू या. तुमच्या होकाराशिवाय मी करणार नाही.'

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्यानंतर बायकोनं कुंकू पुसायचं.

"काय कळवणार?" मी विचारलं.

"आधी जाऊन येते. मग कळवते." माझ्या हातातून पत्र घेत म्हणाल्या, "तू येशील?"

पाच वर्षांत बाईंनी कुणाकडे काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं. भावाला मी सांगितलं की शाळेची सहल आहे.

त्या जंगलाचं तोवर राष्ट्रीय उद्यान झालं होतं. शिकार बंद, परवाना काढून लोक बघायला येत. रेंजरचा जुना बंगला आता पाहुण्यांसाठी होता. आम्हाला मिळालेली खोली म्हणजे बाईंचं जुनं स्वयंपाकघर. त्यांनी तसं मला सांगितलं नाही. कोनाड्यावरून हात फिरवताना त्यांना बघितलं, तेव्हा मी ओळखलं. वाटाड्या म्हणून जो म्हातारा पुढं आला तो देवाजी होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तो वाकला. "मले वाटलंच होतं, तुमी येसान," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही पाणवठ्याकडे निघालो. सगळं रान पानझडीनं उघडं पडलेलं. सावलीला सावली म्हणावं असं काही नव्हतं. लोक रात्रीच्या जंगलाला भितात. मला विचाराल तर जंगलातल्या भर दुपारइतकं भयाण काही नाही. सगळं लख्ख दिसत असतं आणि कशातच जीव नसतो. पाखरू नाही, वारा नाही. आपला श्वाससुद्धा दुसरा कुणीतरी घेतोय असं वाटतं.

एका मोठ्या धोंड्याच्या आड आम्ही तिघं बसलो. समोर डोह, पलीकडे बांबू. चितळं येऊन पाणी पिऊन गेली. रानडुकरं आली, लोळून गेली. बाराच्या पुढं पलीकडच्या झाडावर वानर खाकरलं. देवाजीनं बोट वर केलं.

बांबूतून वाघ आला. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तो पाण्यापाशी आला, वळला आणि मागचे पाय आधी पाण्यात घालून, एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा, सावकाश बसला. तोंड आमच्या बाजूला. डोळे अर्धे मिटलेले.

बाई उठल्या.

त्यांना ओढून खाली बसवावं म्हणून मी हात पुढं केला, तर देवाजीनं माझं मनगट धरलं. बाईंनी चपला काढल्या, धोंड्याशी ठेवल्या आणि अनवाणी पावलांनी त्या उघड्यावर गेल्या. तापलेल्या दगडांवरून, एकेक पाऊल टाकत. वाघापासून वीसेक हातांवर जाऊन त्या उकिडव्या बसल्या. डोक्यावरून पदर घेतला.

वाघाचे डोळे पूर्ण उघडले.

बाई काहीतरी बोलल्या. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. वाघ त्यांच्याकडे बघत होता, किंवा त्यांच्या जागी कुणी नसल्यासारखा पलीकडे बघत होता. मग तो उठला. अंगावरून पाणी गळत होतं. बाईंनी परत हाक मारली. या वेळी मला ऐकू आली. "अहो!" चांगली मोठ्यानं. त्या उघड्या रानात ती हाक केवढी तरी वाटली.

वाघ चालत राहिला. कानसुद्धा हलला नाही. तो बांबूत गेला आणि बांबू मिटला.

बाई बराच वेळ तशाच बसून होत्या. मग परत आल्या. तळपाय भाजले होते, ते त्यांना जाणवत नसावं. धोंड्यापाशी येऊन त्या एकदम थांबल्या आणि खाली बघायला लागल्या. त्यांच्या चपला तिथं होत्या. शेजारी शेजारी, नीट लावलेल्या.

"मी या कधी काढल्या गं?"

"आता जाताना," मी म्हटलं.

"कशाला?"

"आवाज होऊ नये म्हणून."

त्या खाली बसल्या. एक चप्पल मांडीवर घेतली. "जोडे कुणी ठेवले नव्हते," त्या म्हणाल्या. "त्यांनीच काढले. जवळून बघायला गेले असतील. बारा वर्षं, सुमन, बारा वर्षं मी विचार करत्ये, कुणी ठेवले." आणि मग बाई रडायला लागल्या. आवाज न करता. तोंडात पदर घालून.

देवाजीनं पाण्याचा भोपळा त्यांच्यापुढं धरला. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "बाईसाहेब, तो साहेब नोहता?"

"नव्हता रे. मी दोनदा हाक मारली." बाईंनी डोळे पुसले. "ते असते तर वळले असते."

परत आल्यावर त्या थेट पेणला गेल्या. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कपाळ मोकळं होतं, हातात बांगड्या नव्हत्या. शिक्षकखोलीत कुणी काही विचारलं नाही. बाईंनी डबा उघडला आणि लिंबाच्या लोणच्याची फोड मला दिली. त्यांच्या चेहऱ्यावर हलकेपणा होता. त्या वर्षी पहिल्यांदाच त्या आमच्यात बसून हसल्या, स्नेहसंमेलनात मुलींचे केस विंचरून दिले. माझ्या लग्नात आल्या.

मी मात्र तितकी मोकळी झाले नाही. कॅम्पातल्या त्या दुपारी बिबट्या वळला होता, हे मी बघितलं होतं. बाईंनीही बघितलं होतं. त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत आणि मलाही विचारवलं नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी राजीनामा दिला. त्या जंगलाच्या कडेच्या एका गावात शाळा निघाली होती, तिथं मास्तरीण म्हणून गेल्या. पत्रं यायची. पावसाचं लिहायच्या, मोहाच्या फुलांचं लिहायच्या, पोरांच्या खरजेचं लिहायच्या. जनावरांचं काही नसे.

दोन वर्षांनी, पन्नासचं दशक संपत आलं तेव्हा, मी आणि माझे मिस्टर नागपूरला एका लग्नाला गेलो होतो. मी हट्ट धरला आणि आम्ही तिथवर गेलो. शाळेला कुलूप. दुपारची सुट्टी, बाई तळ्याकडे असतील, असं एका बाईनं सांगितलं. देवाजी गेल्या हिवाळ्यात वारला होता. वनखात्याची एक जीप तिकडेच निघाली होती, तिनं आम्हाला नेलं.

तळ्याच्या अलीकडे जीप थांबली. पलीकडच्या काठावर चितळांचा मोठा कळप पाण्यावर उतरला होता. चाळीस-पन्नास तरी असतील. माझ्या मिस्टरांनी ड्रायव्हरची दुर्बीण डोळ्यांना लावली आणि म्हणाले, "वा! काय देखणी आहेत." बराच वेळ बघून त्यांनी दुर्बीण माझ्याकडे दिली. मी ती कळपावरून सावकाश फिरवली. शिंगं, कान, ठिपके. आणि मध्ये, गुडघ्याभर पाण्यात, पाठमोरी एक बाई. सुक्या गवताच्या रंगाचं लुगडं. केस सगळे पांढरे.

"दिसतं का काही?" मिस्टरांनी विचारलं.

बाई वाकल्या, ओंजळीनं पाणी प्यायल्या. मग पाण्याबाहेर आल्या आणि कळपातून वाट काढत झाडीकडे गेल्या. चितळं पांगली नाहीत. एका पाडसानं तेवढी मान वर केली, त्यांना जागा दिली, आणि परत पाण्याला तोंड लावलं.